‘डॉक्टर, पूर्ण भरा’ असं म्हणू नका

पत्र थोडक्यात: बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. आई ७१ वर्षांची, खेड्यात राहते. साडेतीन आठवड्यांपूर्वी एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून येत असताना गाडी गतिरोधकावरून उडाली आणि आई सीटवर आदळली. तेव्हापासून कूस बदलता येत नाही. तालुक्याला एक्स-रे झाला, छत्रपती संभाजीनगरला एमआरआय. कमरेचा पहिला मणका दबलाय, फ्रॅक्चर ताजं आहे, असं निदान आहे. डॉक्टरांनी मणक्यात सिमेंट भरायला सांगितलंय. सुईने होतं, दुसऱ्या दिवशी घरी. भावाला ते याच आठवड्यात उरकायचंय. शेजारणीच्या सासूबाईंचं असंच सिमेंट ‘फुप्फुसात गेलं’, म्हणून शेजारीण नको म्हणते. मामा म्हणतात, तीन महिने पलंगावरून उठू देऊ नका, आपोआप बसेल. आईला चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. गुडघ्यांसाठी ती एका ‘वैद्या’कडच्या पुड्या बरीच वर्षं घेते. शेवटी बाई लिहितात, ‘हे सुरक्षित आहे का? हो की नाही, एवढंच सांगा.’

ताई,

एवढंच सांगता आलं असतं तर पत्र परत पाठवताना कोपऱ्यात लिहून दिलं असतं. मी बत्तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं. असल्या केसमध्ये सर्जनचं लक्ष सी-आर्मच्या, म्हणजे चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर असतं आणि माझं रुग्णाच्या श्वासावर, नाडीवर, बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर. टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूने जे दिसलं त्यावरून सांगते.

आधी त्या शब्दाबद्दल. सिमेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घमेलं आणि थापी येते. तुमच्या आईलाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. हे एक पावडर आणि एक पातळ द्रव असं येतं, पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. गुडघ्याचा सांधा बदलताना हेच वापरतात, आणि दातांच्या कवळीचा गुलाबी भागही याच जातीचा. दोन्ही कालवलं की ऑपरेशन थिएटरभर उग्र वास सुटतो, नेलपॉलिशच्या बाटलीसारखा. आधी बासुंदीसारखं पातळ, मग टूथपेस्टसारखं, मग मळलेल्या कणकेसारखं, आणि नंतर दगड. आमचे एक सर्जन त्यातली सुपारीएवढी गोळी ट्रेच्या कडेला ठेवून द्यायचे. ती गरम व्हायची. थोड्या वेळाने चिमट्याने ठोकली की ‘टक्’ वाजायची. तो टक् ऐकू येईपर्यंत रुग्णाला हलवायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

मणक्यात हे पहिल्यांदा भरलं ते १९८४ मध्ये, फ्रान्समधल्या आमियाँ इथे, आणि तेही ठिसूळ हाडासाठी नव्हे, मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी. दबलेल्या मणक्यांसाठी वापर नंतर वाढला. सुईतून थेट भरलं तर व्हर्टिब्रोप्लास्टी. आधी आत छोटा फुगा फुगवून पोकळी करून मग भरलं तर कायफोप्लास्टी.

आता शेजारणीच्या सासूबाई. त्यांचं काय झालं हे मी पाहिलेलं नाही, पण असं होऊ शकतं, शेजारणीने भीती घालण्यासाठी रचलेलं नाही. मणक्याचं हाड आतून स्पंजासारखं असतं आणि त्यातून शिरांचं जाळं जातं. या शिरांना झडपा नसतात. सिमेंट पातळ असताना, जोर लावून ढकललं तर ते फटीतून न जाता शिरेत शिरतं. शिरेतून मोठ्या नीलेत, तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात, आणि पुढे फुप्फुसात. मागच्या बाजूला गळलं तर मज्जारज्जू किंवा नस दाबली जाते, आणि पायातली ताकद जाण्यापर्यंत मजल जाते. शेजारच्या चकतीत गळलं तर लगतचा मणका दबण्याचा धोका वाढतो. थोडीफार गळती मात्र पुष्कळ जणांत होते. नंतर सीटी स्कॅन केला तरच ती दिसते आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. त्रास होणारे थोडे. पण ज्याला होतो त्याला तो पूर्णच होतो, टक्केवारीत होत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्येच या सिमेंटच्या गुंतागुंतींबद्दल इशारा दिला होता. त्यानंतर सिमेंट घट्ट झालं, सुया आणि यंत्रं सुधारली. तरी मला विचाराल तर सुरक्षितपणाचा मोठा भाग अजूनही तीन जुन्या गोष्टींत आहे: थांबून भरणं, बघत भरणं आणि वेळेवर हात आवरणं.

थांबणं म्हणजे टूथपेस्टइतकं घट्ट होईपर्यंत सुईत घालायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे. आपल्याकडे मे महिन्यात, वीज गेलेली, जनरेटरवर एसी धापा टाकतोय अशा वेळी सिमेंट पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या आधीच आवळतं, कारण ती वेळ ठरावीक तापमानाची असते. मग भरणाऱ्याची घाई होते. थंडगार थिएटरमध्ये उलटं, ते बराच वेळ पातळ राहतं आणि माणसाचा धीर सुटतो. म्हणून सराव झालेला डॉक्टर घड्याळापेक्षा बोटांवर जास्त भिस्त ठेवतो.

बघणं म्हणजे भरत असताना सी-आर्म चालू हवा, आणि समोरून व बाजूने अशा दोन्ही दिशांनी चित्र दिसायला हवं. सिमेंटमध्ये बेरियम असतं म्हणून ते पडद्यावर काळं उमटतं (नंतरच्या फिल्मवर तेच पांढरं दिसतं). थोडं ढकलायचं, बघायचं, पुन्हा थोडं. सगळं ढकलून मग फोटो काढणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणं.

आणि हात आवरणं. सिमेंट मणक्याच्या मागच्या भागाकडे सरकू लागलं, किंवा शिरेची बारीक रेघ उमटली, की त्या क्षणी थांबायचं, मणका कितीही रिकामा दिसत असला तरी. वेदना कमी व्हायला मणका काठोकाठ भरावा लागत नाही. बऱ्याचदा दोन-चार मिली पुरतं.

एक प्रसंग सांगते. गाव आणि रुग्णालय सांगत नाही. पंच्याहत्तरीच्या एक आजी होत्या, ऊसतोडीत उभा जन्म गेलेला. दीड मिली गेलं आणि पडद्यावर उजव्या बाजूला कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याएवढी रेघ दिसली. सर्जनने सुई काढून घेतली. बाहेर मुलाने फिल्म मोबाइलच्या उजेडात धरली आणि म्हणाला, ‘पैसे पूर्ण घेतले अन् मणका अर्धाच भरला?’ मग त्याच्या चुलत्यानेही तेच विचारलं, मग जावयाने. मी संध्याकाळी वॉर्डात गेले तर आजी आपल्या आपण कुशीवर वळून सुनेला म्हणत होत्या, ‘आता दुखायलं नाही गं, मला बसव.’ त्यांना अर्ध्याचं काही वाटलं नव्हतं. घरच्यांनी असं बोलून बोलूनच काही डॉक्टरांना फिल्मवर छान पांढरा, भरगच्च मणका दाखवायची सवय लागलीय, असं माझं मत आहे. तेव्हा तुमच्या भावाला सांगा, आत जाताना ‘डॉक्टर, नीट पूर्ण भरा’ म्हणू नको. ‘शंका आली तर अर्ध्यावर थांबा, आमची काही तक्रार नाही,’ असं म्हण. हे एक वाक्य कुठल्याही महागड्या किटपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही यातूनच निघतात. तुम्ही स्वतः असे किती केलेत? भरताना दोन्ही दिशांनी बघता का? आई जागी असेल की पूर्ण भूल? (मी शक्यतो सुन्न करून हलकी गुंगी द्यायची. रुग्ण जागा असला तर ‘पायात कळ आली’ हे तोच सांगतो, कुठल्याही यंत्राच्या आधी.) काही गळलं आणि नस दाबली गेली तर उघडून मोकळी करणारा स्पाइन सर्जन इथेच आहे का, की रुग्णवाहिका बोलवावी लागेल? फुगा वापरणार असाल तर आमच्या केसमध्ये त्याने नेमकं काय जास्त मिळेल? फुग्याने गळती कमी होते असं दिसलंय, खर्च मात्र बराच वाढतो, आणि दुखणं दोन्हींत जवळपास सारखंच कमी होतं. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर तेही एक उत्तरच समजा.

तुमच्या केसमध्ये अजून एक गोष्ट भावाच्या ‘याच आठवड्यात’ला आडवी येते. स्टेंटच्या गोळ्या. क्लोपिडोग्रेल असेल तर ती सहसा पाचेक दिवस आधी थांबवतात. पण थांबवायची की नाही, आणि अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायची का, हे हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून द्यावं. मेडिकलवाल्याने नाही आणि मीही नाही. रक्त गोठण्याची तपासणी आणि प्लेटलेट आधी बघितलेच पाहिजेत.

आता सगळ्यात मोठा प्रश्न, जो तुमच्या घरात कुणी विचारलेला दिसत नाही: हे करायची गरज आहे का?

वैद्यकातही यावर भांडण आहे. २००९ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी छापून आले. काही रुग्णांना खरं सिमेंट भरलं आणि काहींना फक्त सुन्न करून, सुई टोचल्यासारखं करून, सिमेंटची बाटली उघडून खोलीत वास सोडला. तोच वास, जो वर सांगितला. कुणाला काय मिळालं हे रुग्णांना कळलं नाही. महिन्याभराने दोन्ही गट जवळपास सारखेच बरे. मोठी खळबळ झाली. त्यावर अनेकांनी आक्षेप घेतला की त्यात बरेच रुग्ण जुन्या फ्रॅक्चरचे होते. मग २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात फक्त सहा आठवड्यांच्या आतल्या, तीव्र दुखणाऱ्या १२० रुग्णांवर अभ्यास झाला. त्यात फायदा दिसला, विशेषतः छाती आणि कंबर जिथे जुळतात तिथल्या मणक्यांत. लगेच २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या १८० रुग्णांच्या अभ्यासात पुन्हा खोट्या सुईइतकाच परिणाम. म्हणजे ‘सिमेंट टाकलं की बरं’ हेही खरं नाही आणि ‘सगळा धंदा आहे’ हेही नाही. बहुतेक दबलेले मणके सहा ते बारा आठवड्यांत आपले आपण जुळतात. थोडेच रुग्ण असे असतात की तोवर त्यांना धड झोपता येत नाही की उठता येत नाही. ही सुई त्यांच्यासाठी.

तुमची आई त्यांच्यात मोडते का? मोडण्यासारखी आहे. ताजं फ्रॅक्चर, पहिला कमरेचा मणका, कूस वळता येत नाही. पण पत्रात एक ओळ आहे, ‘फार दुखलं की एक गोळी देतो.’ ताई, याला उपचार म्हणत नाहीत. दुखायच्या आधी, घड्याळ लावून, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत गोळी द्यायची, दुखून विव्हळल्यावर नाही. स्टेंटच्या गोळ्या चालू असताना मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने आणू नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कोणती चालेल ते लिहून घ्या. उठताना कमरेला पट्टा, आडवं झाल्यावर पट्टा काढायचा. असं नीट आठ-दहा दिवस करा. तेवढ्यात क्लोपिडोग्रेलचाही निर्णय होईल. त्यानंतर आई धरून का होईना संडासपर्यंत जाऊ लागली, तर सिमेंट विसरा. तसूभर फरक पडला नाही, तर सहा आठवडे उलटायच्या आत करून घ्या. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं.

मात्र एवढं थांबायचं ते काही धोक्याची खूण नसेल तरच. पाय लुळे पडणं, लघवी तुंबणं किंवा कळेनाशी होणं, जांघेत बधिरपणा: यातलं काहीही दिसलं तर त्याच रात्री निघा. तिथे नस मोकळी करण्याचा प्रश्न असतो, सिमेंटचा नाही. आणि रोज संध्याकाळी ताप, वजन उतरणं, भूक जाणं असेल तर मणक्याचा क्षयरोग आहे का ते बघायलाच हवं. आपल्या भागात तो दुर्मीळ नाही. संसर्ग असलेल्या मणक्यात सिमेंट कधीही भरत नाहीत. कर्करोगाचीही शंका असू शकते. काही डॉक्टर त्याच सुईतून हाडाचा तुकडा तपासायला घेतात. तो घेणार का, हे विचारा. वेगळी भोकं पाडावी लागत नाहीत. दुसरं मत हवं असेल तर एमआरआयची फिल्म आणि अहवाल, दोन्ही घेऊन जा. अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, संभाजीनगरला घाटीचं सरकारी रुग्णालय आहे. महात्मा फुले योजनेत हे बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा, बिल हातात आल्यावर नाही.

मामांना मान द्या, पण त्यांचं ऐकू नका. या वयात तीन महिने पलंग म्हणजे हाडं आणखी विरघळणं, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गाठी, छातीत कफ. पहिले काही दिवस आराम, नंतर रोज थोडं थोडं उठवणं.

केलंच, तर नंतर तास-दोन तास पाठीवर सपाट निजवतात. पायाची बोटं हलतात का ते बघतात. घरी आल्यावर पुढच्या काही दिवसांत, अगदी काही आठवड्यांनीही, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर जवळच्या दवाखान्यात पोचल्या पोचल्या ‘हिच्या मणक्यात सिमेंट भरलंय’ हे पहिलं वाक्य बोला. नाहीतर तिथला डॉक्टर स्टेंटकडे बघून हृदयाच्या मागे लागेल. तेही चूक नाही, पण छातीचा एक्स-रे आणि सीटी बघताना त्याला सिमेंटची आठवण हवी.

भावाला ‘उरकायचंय’ म्हणजे काय, हे मला कळतं. सोयाबीन, शाळा, पोरं, सगळ्यांना सुट्टी कुठून मिळणार. पण मणका भरून हे उरकत नाही. एक मणका दबलेल्या पाच बायांपैकी एकीचा वर्षाच्या आत दुसरा दबतो. म्हणजे दुसऱ्याच्या वेळी तुम्ही पुन्हा मला पत्र लिहिणार. सिमेंट त्या एका मणक्याचं काम करतं, बाकीचे तेवीस तसेच ठिसूळ आहेत. हाडांचं औषध सुरू झालं का, हे पत्रात कुठेच नाही. आठवड्यातून एक गोळी असते, उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कूस न वळणाऱ्या बाईला ती आता कशी जमणार? वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड आहे, त्याआधी मूत्रपिंड आणि ड जीवनसत्त्व तपासतात. दर सहा महिन्यांचं इंजेक्शन आहे, पण ते मध्येच सोडलं तर मणके भराभर दबू शकतात, म्हणून जिथे पुढची तारीख पाळणारं कुणी नाही तिथे मला ते आवडत नाही. यातलं कोणतं, ते तिथले डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त विषय काढा, कारण पुष्कळदा सुई झाली की डिस्चार्ज कार्डावर कॅल्शियम एवढंच लिहिलेलं असतं. आणि आई मिश्री लावत असेल तर तीही हळूहळू सुटायला हवी. तंबाखू हाडांनाही खातो.

अजून एक. पत्रात भावाचं मत आहे, मामांचं आहे, शेजारणीचं आहे. आईचं एकच वाक्य आहे, ‘मला काई करू नका.’ तुम्ही ते भीती म्हणून सोडून दिलंय. एकदा शेजारी बसून विचारा, कशाची भीती वाटते? माझ्या एका रुग्णाने असंच म्हटलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं, तिला सुईची भीती नव्हतीच. पालथं झोपवतात हे ऐकलं होतं आणि पालथं पडलं की तिचा श्वास कोंडायचा. आम्ही छातीखाली आणि कमरेखाली उशा देऊन पाच मिनिटं नुसतं झोपवून पाहिलं, मग ती तयार झाली. तुमच्या आईची भीती वेगळी असेल. पैशाची असेल. ‘आता किती दिवस राहिलेत’ अशीही असेल. ते कळल्याशिवाय सहीचा कागद पुढे करू नका.

संभाजीनगरला नेताना एसटी नको. गाडी करा, मागच्या सीटवर गादी टाकून निजवून न्या, गतिरोधकावर गाडी थांबल्यासारखी न्यायला सांगा. पर्समध्ये त्या गुडघ्याच्या पुड्यांपैकी एक, कागदासकट टाका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि वर्षानुवर्षं घेतलं की हाडं पोखरली जातात. आईचा मणका एका गतिरोधकाने का दबला, त्याचं उत्तर कदाचित त्या पुडीत असेल. पण घाबरून पुडी आजच बंद करू नका. अंगाला सवय झालेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि असा रुग्ण टेबलावर आला तर माझ्यासारख्या भूलतज्ज्ञाची धांदल उडते. पुडी डॉक्टरांना दाखवा, भूलतज्ज्ञाला तर आवर्जून दाखवा. कशी कमी करायची ते त्यांना ठरवू द्या.